कोझुमेलच्या दादांना

प्रिय दादा,

मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाजवळ आपल्या डायव्हिंगच्या बोटीवर सगळे तुम्हाला ‘माएस्त्रो’, म्हणजे गुरुजी, म्हणत होते. मी मनातल्या मनात दादाच म्हणत होते. स्पॅनिशमध्ये माझी मजल ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभार’, याच्यापुढे जात नाही आणि त्या एका शब्दात हे सगळं मावत नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे.

डायव्हिंग मी तारकर्लीत शिकले. पण कोझुमेलचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे धावतो आणि त्याच्याशी भांडायचं नसतं, हे तुम्ही पालंकारच्या प्रवाळ-रांगेवर उडी मारण्याआधी बजावलं होतं. पाणी नेईल तिकडे जायचं, बोट मागून येते.

मग कपारीत तुम्ही टॉर्च मारलात. रुंद डोक्यावर पांढरे-काळे पट्टे, हनुवटीला मिशा, परांना पिवळी धार. जवळजवळ याच बेटाभोवती सापडणारा टोडफिश मासा! नीट बघेपर्यंत पाण्याने मला पुढे ओढलं आणि मी वेड्यासारखे पाय मारत उलटी फिरले. २५ मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा साडेतीनपट हवा लागते. सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा पन्नास बारच्या खाली आला तेव्हा माझं भान सुटलं.

तुम्ही मागून माझ्या सिलिंडरची मान धरलीत आणि मला प्रवाळाच्या मोठ्या ढिगाआड नेलंत. तिथे पाणी जवळपास थांबलेलं होतं. तुमचा हात उघडा, कारण तिथल्या सागरी पार्कात हातमोजे चालत नाहीत. त्याच हाताने ‘सावकाश’ची खूण केलीत, मग तुमचा जादा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा घ्यायची नळी, माझ्या तोंडात दिलात. तेवढ्या गडबडीतही माझे पाय वर उचलून धरलेत, पायातले पोहण्याचे पंखे प्रवाळाला लागू नयेत म्हणून. २०१८ पासून तिथे पसरलेल्या रोगाने पांढरे पडलेले मेंदू-प्रवाळ तुम्ही आदल्या दिवशी दाखवले होते, त्यामुळे ते पाय का उचललेत हे मला तिथेच कळलं. दादा, माझा जीव वाचवताना तुम्ही त्यांनाही विसरला नाहीत.

वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. वर बोटीला खूण म्हणून सोडलेला तुमचा नारिंगी फुगा, खाली हळूहळू सरकणारी निळाई. तुम्ही माझ्या मास्कसमोर बोटांवर मिनिटं मोजत होतात आणि मी फक्त ती बोटं बघत होते.

बोटीवर चढल्यावर कुणासमोर एक शब्द काढला नाहीत. संत्र्याची फोड हातात ठेवलीत आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोटं हलवून विचारलंत, मिशा दिसल्या ना?

दिसल्या, दादा. मनापासून आभार.

तुमची,
पुण्याची विद्यार्थिनी