गोळ्यांनंतर थेट आयव्हीएफच का?

संपादक महोदय,

पीसीओएसमुळे (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडामुळे) पाळी अनियमित असणाऱ्या स्त्रियांना बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या साधारणतः पाच दिवस दिल्या जातात. काही महिन्यांत गुण आला नाही, की कित्येकदा थेट आयव्हीएफचे (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचे) माहितीपत्रक हातात पडते. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडले, आणि जावयांची वीर्यतपासणी तोवर झालेलीच नव्हती! वास्तविक, बीज फुटतच नाही, की फुटूनही गर्भ राहत नाही, हे आधी पाहावे लागते, कारण पुढचा उपचार त्यावरच ठरतो. बीज फुटत नसेल तर गोनॅडोट्रोपिनची, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची, इंजेक्शने कमी मात्रेपासून सुरू करता येतात, मात्र सोनोग्राफीची देखरेख हवीच, नाहीतर जुळी-तिळी राहण्याचा आणि अंडाशय सुजण्याचा धोका असतो. काहींच्या बाबतीत दुर्बिणीद्वारे अंडाशयाचे ड्रिलिंगही (अंडाशयावर बारीक छिद्रे पाडण्याची शस्त्रक्रिया) केले जाते. बीज फुटूनही गर्भ राहत नसेल आणि गर्भनलिका मोकळ्या असतील, तर आययूआयचा (प्रक्रिया केलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा) विचार होतो. दोन्ही नलिका बंद असतील किंवा वय चाळिशीकडे झुकले असेल, तर आयव्हीएफ लांबवू नये, हेही खरे. २०२१च्या कायद्याने आयव्हीएफसारखे उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणी प्रमाणपत्राशेजारी या पर्यायांचा, खर्चासह, मराठी तक्ताही लावला जावा.

– एक वाचक, सातारा