लाल बटण दाबणाऱ्या दोस्तास

प्रिय मित्रा,

तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आज तुझं वय काहीही असो, आमच्या हाती तू येतोस तो सोळा-सतरा वर्षांचाच, कॅसेटच्या डबीतल्या कार्डावरच्या बॉलपेनच्या अक्षरातून. शाळेतल्या चार दोस्तांनी रॉक बँड काढला, काही वर्षं गाजवला, मग जो तो आपापल्या वाटेला लागला. त्या चौघांची नावं लोकांना अजून आठवतात. तू गात नव्हतास, वाजवत नव्हतास. तालमीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून तू टेपरेकॉर्डरचं लाल, म्हणजे रेकॉर्डचं, बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबत होतास. जुन्या बँडच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणाऱ्या आमच्यासारख्यांना तुझी किंमत जेवढी कळते, तेवढी बहुधा त्या चौघांनाही कळली नसेल. म्हणून हे जाहीर आभारपत्र.

तुझ्या जातकुळीतली माणसं फार जुनी आहेत. 6 जुलै 1957 रोजी लिव्हरपूलजवळच्या वुल्टनमध्ये चर्चच्या मेळ्यात जॉन लेननचा क्वॉरीमेन हा शाळकरी दोस्तांचा बँड वाजवत होता. पुढे यातूनच बीटल्स झाला. तिथे बॉब मॉलिन्यू नावाचा एक तरुण ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्याच दिवशी लेनन आणि पॉल मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. मॉलिन्यूची ती फीत 1994 साली लंडनच्या लिलावात 78,500 पौंडांना गेली. आवाज म्हणाल तर अगदी खरखरीत. पण त्या संध्याकाळी यंत्र घेऊन जायचं एकाला सुचलं, याचे ते पैसे. मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याच शाळेतला नील ॲस्पिनॉल आधी बीटल्सची व्हॅन चालवायचा आणि पुढे त्याने त्यांच्या ॲपल कोअर या कंपनीचा कारभार कितीतरी वर्षं सांभाळला. त्यालाही बँडमध्ये वाद्य नव्हतं.

आता तुझ्याकडे येतो. पहिले आभार कोऱ्या कॅसेटच्या निवडीचे. तू 60 मिनिटांच्या घेतल्यास, 120 च्या नाही. 60 च्या कॅसेटमधली फीत साधारण 18 मायक्रॉन जाड असते, 90 ची 12 आणि 120 ची जेमतेम 9. तेवढ्याच डबीत जास्त फीत कोंबायची तर ती पातळच करावी लागते. पातळ फीत ताणली जाते, रबरी रोलरला गुंडाळली जाते, आणि वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. ही चाहूल नंतर काढता येत नाही. पैसे वाचवायला 120 ची कॅसेट घेणारे दोस्तही असतात. त्यांचेही आभार, पण जरा दात-ओठ खाऊन.

दुसरे आभार कॅसेटच्या पाठीवरचे ते प्लॅस्टिकचे छोटे तुकडे मोडल्याबद्दल. बाजू आपल्याकडे करून धरली की डावीकडचा तुकडा त्या बाजूचा. तो मोडला की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. बँडच्या तालमी नंतर घरच्यांच्या हाती लागून त्यावर रेडिओवरची गाणी भरली गेल्याचं किती खोक्यांत दिसतं, ते तुला सांगून वाईट वाटून घ्यायला लावत नाही. तू दोन्ही तुकडे मोडलेस आणि त्या भोकांवर कुणी चिकटपट्टी लावू नये म्हणून कार्डावर मोठ्या अक्षरात 'पुसू नका' लिहिलंस.

यापेक्षाही मोठं काम तुझ्याकडून नकळत झालंय. दोन गाण्यांच्या मध्ये तू रेकॉर्डर बंद केला नाहीस. फीत वाया जाते म्हणून गाणं संपताच बटण सोडणारे पुष्कळ. तुझ्या फितीवर मात्र तारा जुळवणं आहे, 'वन टू थ्री फोर' आहे, ड्रमरवर ओरडणं आहे, आणि या सगळ्याच्या खाली अँप्लिफायरची गुणगुण आहे. ही गुणगुण म्हणजे आमचं घड्याळ. ती वीजपुरवठ्यातून येते, म्हणून मुळात 50 हर्ट्झची असते. काही देशांत 60 ची. संगणकावर मोजल्यावर 50 च्या जागी 53 निघाली, तर फीत जवळजवळ 6 टक्के वेगाने वाजतेय. 6 टक्के म्हणजे एक अख्खा अर्धस्वर: ई स्वरातलं गाणं त्याच्या वरच्या एफ स्वरात ऐकू येतं आणि गायक उगाच चिरका वाटतो. असं होतं कारण भरताना रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. मोटर हळू फिरली, कमी फितीवर जास्त वेळ मावला, आणि आता योग्य वेगाने वाजवली की सगळं धावतं. बॅटरी हळूहळू उतरत जाते, त्यामुळे चूकही बाजूभर सारखी राहत नाही. सुरुवातीला 51, शेवटी 53. म्हणून गुणगुण दर दोन-तीन मिनिटांनी मोजायची आणि वेग त्या प्रमाणात सरकवत न्यायचा. वीजपुरवठ्याची वारंवारिताही किंचित हलते, पण ते हलणं यापुढे नगण्य. गाण्यांमधल्या शांततेत गुणगुण स्वच्छ मिळते, गाणं चालू असताना बास गिटार तिला गिळते. तू बटण सोडलं असतंस तर आम्हाला कानाने अंदाज करावा लागला असता, आणि अंदाज फसतो. कारण पुष्कळ बँड गायकाच्या सोयीसाठी तारा अर्धा स्वर उतरवून लावतात. ते माहीत नसलं की बरोबर चाललेली फीतच हळू वाटते आणि माणूस ती 'दुरुस्त' करून बिघडवून ठेवतो. तुझ्या कार्डावर कोपऱ्यात लिहिलंय: 'तारा अर्धा स्वर खाली'. या चार शब्दांसाठी वेगळे आभार.

कार्डावर तारीख आहे, बॅटरी की वीज ते आहे, ड्रमवर त्या दिवशी कोण होतं ते आहे. गाणं कुणी कधी आणलं यावरून दोस्तांमध्ये पुढे भांडणं होतात, तेव्हा आठवणींपेक्षा तारखेचं कार्ड उपयोगी पडतं. डॉल्बीचा चौकोनही तू भरलास. डॉल्बी बी भरताना हळू आवाजातल्या वरच्या पट्ट्या उचलतं आणि वाजवताना तेवढ्याच खाली आणतं, त्यात फितीची सुरसुर साधारण 10 डेसिबलने दबते. भरताना चालू आणि वाजवताना बंद ठेवलं तर झांजा अंगावर येतात. उलट केलं तर सगळा बँड घोंगडीखाली बसून वाजवतोय असं वाटतं. फक्त एक सांगतो, कार्डावरच्या खुणेवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, तुझ्याही नाही. दोन कॅसेट घालायच्या पुष्कळ डबल डेकवर ते बटण चुकून दाबलं जायचं. आधी हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, सरळ करायचं, मग डॉल्बी चालू-बंद करून झांज विरत जाताना ऐकायची. मागची सुरसुर झांजेबरोबर वर-खाली श्वास घेत असेल, तर डॉल्बी जुळलेलं नाही.

हेड सरळ करायचं म्हणजे काय, तर वाजवणाऱ्या हेडचा फितीशी असलेला कोन भरणाऱ्या हेडच्या कोनाशी जुळवायचा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा आधी खूण करून ठेवायची, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं, आणि झांजांचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा. प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला नव्याने. कॅसेट उलटली की फीत वेगळ्या रस्त्याने धावते, म्हणून पहिल्या बाजूचा कोन दुसरीला चालतोच असं नाही. कॅसेट उतरवून घेताना सगळ्यांत जास्त आळस इथेच होतो आणि सगळ्यांत जास्त आवाजही इथेच हरवतो. नंतर इक्वलायझरने तो परत येत नाही.

ज्या कॅसेटवर तू 'चार ट्रॅक, दुप्पट वेग, डीबीएक्स' लिहिलंस, तिने तर आमचे आठवडे वाचवले. 1979 साली आलेल्या टास्कमच्या पोर्टास्टुडिओमुळे साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरता येऊ लागले. नेहमीचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, याचा 9.5, आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने, म्हणजे दुसरी बाजू नाहीच. 60 मिनिटांच्या कॅसेटवर फक्त 15 मिनिटं. अशी कॅसेट साध्या डेकमध्ये घातली की एका बाजूला दोन ट्रॅक अर्ध्या वेगाने, एक सप्तक खाली घोरत वाजतात, आणि उलटवली की उरलेले दोन उलटे. बिघडलीय म्हणून लोक ती फेकून देतात. साध्या डेकवरून दोन्ही बाजू घेऊन, एक उलटी करून, वेग दुप्पट करून जुळवता येतं, पण ते नाइलाजाचं काम. दोन वेगळ्या फेऱ्यांत फीत तंतोतंत सारखी धावत नाही, त्यामुळे ड्रम आणि गिटार एकमेकांपासून सरकत जातात. शिवाय डीबीएक्स, म्हणजे डॉल्बीसारखीच सुरसुर दाबणारी दुसरी पद्धत, नीट उलगडत नाही. तशाच जातीचं यंत्र शोधून चारही ट्रॅक एकदम घेणं हाच खरा मार्ग. तू लिहिलं होतंस म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी तो धरला.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा हेही तुला कळत होतं. सुरुवातीच्या दोन कॅसेटवर नाही, तिथे तो ड्रमसमोर जमिनीवर असणार, कारण बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला बाकीचा बँड दबतो आणि पुढच्या क्षणी उसळतो. आतल्या माइकचे रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतात, त्याचा हा परिणाम. तो उलटवता येत नाही. तिसऱ्या कॅसेटपासून यंत्र उंचावर, लांब आणि कापडावर गेलेलं ऐकू येतं.

खोक्यात ज्या गोष्टी मोडल्या त्यात तुझा दोष नाही. फितीला हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीवरचा फेल्टचा चौकोन डिंक सुकून गळतो. मग एक चॅनल जातो-येतो आणि वरचे सूर मरतात. फीत चांगली असते, नवं कवच लागतं. पाच स्क्रूची कॅसेट सपाट ठेवून उघडायची, दोन्ही चकत्या, बाजूचे रोलर आणि वरखालचे गुळगुळीत कागद जसे होते तसेच नव्या कवचात न्यायचे. फितीला पीळ पडू द्यायचा नाही. स्क्रू नसलेलं, चिकटवलेलं कवच असेल तर सांध्यावर पातळ पातं चालवून फोडावं लागतं. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड सुटला असेल तर फितीच्या पाठीमागून, म्हणजे हेडला न लागणाऱ्या बाजूने, जोडपट्टी लावायची. घरातली चिकटपट्टी कधीच नाही. तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. रिळांची फीत चिकट झाली की ती ठरावीक तापमानाला भाजतात हे ऐकून कुणी कॅसेट भट्टीत घालू नये. तो उपाय काही विशिष्ट रिळांचा आहे, आणि ॲसिटेटच्या जुन्या फितीचा तर त्याने सत्यानाश होतो.

उतरवताना आम्ही 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर घेतलं, सगळ्यांत मोठा ठोका कमाल पातळीच्या साधारण 6 डेसिबल खाली ठेवून. तासाला साधारण 2 जीबी होतात. मूळ प्रतीवरची सुरसुर काढलेली नाही, गुणगुणही नाही. साफसूफ जी केली ती वेगळ्या प्रतीवर. तीन प्रती आहेत, एक दुसऱ्या इमारतीत. लोकांसमोर काय ठेवायचं ते चौघांना विचारून ठरेल, आणि आमचं मत विचारशील तर तुलाही विचारायला हवं.

एक मागणं उरलं. तुझ्या कार्डांवर क्रमांक आहेत आणि 14 नंतर एकदम 16 येतो. 15 तुझ्याकडे असेल तर ती वाजवून बघायचा मोह आवर. वर्षानुवर्षं पडून असलेल्या डेकचा रबरी पट्टा पाघळलेला असतो आणि फीत खाणं त्याला एका मिनिटाचं काम. फीत सैल पडली असेल तर चकतीत पेन्सिल घालून हलक्या हाताने फिरव. स्पीकरवर ठेवू नकोस, त्यात चुंबक असतो. डबीत घालून, उभी ठेवून, कार्डासकट दे. कार्ड विसरू नकोस.

तुझे,
खोकं उघडणारे