पोपटीत पाणी नसतं हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ग्रिल करायचा लेख वाचला. लेख बरा होता, पण पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा-चिकन भरून जाळावर भाजायच्या आमच्याकडच्या पदार्थाला, मोजून दोन ओळी आणि त्यातही 'मडक्यात थोडं पाणी घालून शिजवा' असं छापलंय. सासूबाईंनी ते वाचून पेपर जो बाजूला ठेवला तो अजून हातात घेतला नाहीये.

आम्ही अलिबागकडचे. पोपटीत पाण्याचा थेंब नसतो, तेल पण नसतं. तळाला भांबुर्ड्याचा (रानात उगवणाऱ्या वासाच्या झाडाचा) पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मग मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, अंडी, बटाटे, परत शेंगा आणि तोंडाशी पाला इतका गच्च कोंबायचा की एक शेंग बाहेर पडता कामा नये, कारण मडकं उलटं ठेवायचं असतं आणि त्याच्या भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र करून उडाला की झाली पोपटी. आतलं सगळं शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर.

बाकी लेखभर ग्रिल पॅन. मी पण घेतला होता, सेलमध्ये. चिकनवर काळ्या रेघा मस्त उठतात, चव मात्र तव्यावर परतल्याचीच. निखाऱ्यावर चरबी टपकते, जळते, तो धूर परत मांसाला लागतो. पॅनमध्ये ती खाचांत साचून बसते, मग धूर येणार कुठून? आमची आजी घरी मटण आलं की कलेजीचा तुकडा मीठ लावून चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायची आणि राख झटकून आमच्या हातावर द्यायची, तोंड भाजायचं तरी थांबवायचं नाही. विरारजवळच्या आगाशीचं भुजिंग पण तसंच, आधी कोळशावर भाजलेलं चिकन मग पोह्यात, म्हणून तर त्या पोह्यांना पण तो वास लागतो.

आता फ्लॅटमध्ये चूल कुठून आणणार, मान्य. मी एकदा वांगं भाजायच्या जाळीवर तंगडी ठेवून बघितली, सगळी चरबी बर्नरमध्ये आणि मग अख्खी दुपार टाचणीने भोकं साफ करण्यात गेली, तर ते नकोच. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा काढा. गंज घासून तेलाचा हात फिरवून दोन-तीनदा चांगला तापवा, मग चिकटत नाही. नॉनस्टिक मोठ्या आचेवर रिकामा तापवू नका, साधारण 260 डिग्रीच्या वर त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि बिडाला तेवढ्याचं काहीच नाही. फक्त दही-लिंबू लावलेलं चिकन बिडात मुरवत ठेवू नका, लोखंडाची चव उतरते. भाजून झालं की एक कोळसा गॅसवर लाल करून वाटीत ठेवायचा, भांड्यात मधोमध, वर चमचाभर तूप सोडायचं आणि लगेच झाकण, पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवून. कोळशाची शेगडी मात्र बंद घरात अजिबात नको, तिच्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) वासाने कळत नाही.

थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटीची नीट रेसिपी छापा, आणि फोटो उलट्या मडक्याचा टाका. यावेळी सरळ होता.

एक वाचक, ठाणे