कॅमेऱ्याच्या कंपनीआधी अल्बम पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात लग्नाच्या फोटोंची बोलणी हल्ली ‘कॅमेरा कोणत्या कंपनीचा?’ या प्रश्नाने सुरू होतात आणि बऱ्याचदा तिथेच संपतात. आधीच्या कामाचा अल्बम मागणारे यजमान विरळाच. त्यामुळे या धंद्यात नव्याने उतरलेली मुले कर्ज काढून महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतात आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली मिळेल त्या दरात काम स्वीकारतात. स्वतः या व्यवसायात असल्याने मला हे फार खुपते.

निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, सोनीने बनवलेले असतात, इतकी ही नावे आतून एकमेकांत मिसळलेली आहेत. खरा फरक लेन्सने पडतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स ५५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, मग कंपनी कोणतीही असो. मंगल कार्यालयातील मंद उजेडात याचे मोल कळते.

परंतु लेन्सने जागा निवडून मिळत नाही. भटजींनी ‘तदेव लग्नं’ म्हणायला घेतले की अंतरपाट दूर होणार, हे ज्याला ठाऊक असते तो आधीच फोकस साधून वधूवरांच्या बाजूला उभा असतो, कारण दोघांची पहिली नजरभेट आणि अक्षतांचा वर्षाव यांत जेमतेम काही सेकंदांचे अंतर असते. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा चुकीच्या कोपऱ्यात असेल, तर वीसही फोटोंत मामांची पाठच येते.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराचेच पाहा. इ. स. १२०४ मधील या मंदिराच्या छतावरील दगडी कमळावर थेट फ्लॅश मारला की पाकळ्यांमधल्या सावल्या पुसल्या जाऊन नक्षी सपाट दिसते. तोच कॅमेरा फरशीवर उताणा ठेवून, टायमर लावून, शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवले की दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात एकेक पाकळी उठून दिसते. त्यासाठी जुना, साधा कॅमेराही पुरतो.

साधनांना महत्त्वच नाही, असे मी म्हणणार नाही. भीमगडच्या जंगलात दूरच्या फांदीवरील पक्षी टिपायचा तर लांब पल्ल्याची लेन्स लागतेच.

यजमानांना माझी कळकळीची विनंती आहे की, निवडक दहा फोटोंवर न जाता त्यांनी एकाच लग्नाचा संपूर्ण अल्बम मागावा आणि त्यातही संध्याकाळच्या स्वागत समारंभाची पाने आधी उघडावीत. आपणही पुरवणीत स्थानिक तरुणांची छायाचित्रे छापताना ती कोणत्या वेळी, कोणत्या उजेडात आणि कशी टिपली, याच्या दोन ओळी सोबत द्याव्यात, म्हणजे शिकणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग होईल.

आपला,
एक छायाचित्रकार, खानापूर (जि. बेळगाव)