शासकीय संकेतस्थळांवरील त्रुटी-पृष्ठांबाबत माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी आमच्या दारात रांग लागते आणि नेमका त्याच दिवसांत सर्व्हर डाऊन होतो. एवढ्या गर्दीत यंत्रणा अडखळणे मी समजू शकतो. माझे म्हणणे त्या वेळी पडद्यावर येणाऱ्या पानाविषयी आहे.

गेल्या जूनमध्ये एका शेतकऱ्याने मुलीच्या दाखल्यासाठी अर्ज भरला. शुल्क वजा झाल्याचा संदेश त्यांच्या मोबाईलवर आला आणि इकडे पडद्यावर लाल अक्षरांत ‘सर्व्हर एरर इन स्लॅश ॲप्लिकेशन’ अशी ओळ उमटली. खालचा इंग्रजी मजकूर सांगत होता की, तपशील पाहायचा असल्यास ॲप्लिकेशनच्या मूळ फोल्डरमधील ‘वेब.कॉन्फिग’ फाइलमध्ये बदल करावा. हे एएसपी.नेट या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीचे आयते पान असून ते प्रोग्रामरसाठी लिहिलेले आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्याने स्वतःचे पान जोडण्याची तसदी घेतली नाही की तेच नागरिकापुढे येते. यात काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. त्यांना तीनच गोष्टी हव्या होत्या : पैसे पोहोचले का, अर्ज दाखल झाला का, आणि पुन्हा भरावा का.

यातली दुसरी गोष्ट कायद्याशी जोडलेली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा देण्याची मुदत परिपूर्ण अर्ज सादर झाल्यापासून मोजली जाते. अर्ज पोहोचला की नाही हेच कळले नाही, तर नागरिकाने अपील कशाच्या आधारे करावे? म्हणून अशा पानावर चूक कोणाची आहे हे मराठीत स्पष्ट लिहावे, व्यवहार क्रमांक द्यावा, आणि शुल्काची स्थिती यंत्रणेला ठाऊक नसेल तर तसे प्रामाणिकपणे सांगून ‘पुन्हा पैसे भरू नका, हा क्रमांक घेऊन अमुक ठिकाणी चौकशी करा’ असा मार्ग दाखवावा. यंत्रणा तात्पुरती बंद असल्याचे सांगणाऱ्या ५०३ या संकेतासोबत ‘पुन्हा केव्हा प्रयत्न करावा’ हे कळवण्याची सोयही असते. ती वेळ पानावर छापली, तर वीस किलोमीटरवरून आलेला माणूस दिवसभर ताटकळणार नाही.

‘पान सापडले नाही’ म्हणजेच ४०४ या त्रुटीची कथा वेगळी आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे लिहून त्याचा संकेतांक दिलेला असतो, आणि लोक तो आपल्या अर्जांत व अपिलांत उद्धृत करतात. परंतु विभागाचे संकेतस्थळ नव्याने बांधले की जुने दुवे तुटतात. पान कायमचे हलवले असेल तर ३०१ हा संकेत वापरून वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेता येते. हे काम फारसे खर्चिक नाही, फक्त जुन्या पत्त्यांची यादी जपावी लागते. काही संकेतस्थळे तर न बोलता थेट मुखपृष्ठावर आणून सोडतात, आणि हे मला अधिक वाईट वाटते, कारण वाचकाला आपलेच काही चुकले असे वाटते. जे पान खरोखरच राहिले नाही, तिथे तसे सांगावे आणि संकेतांकावरून शासन निर्णय शोधण्याची चौकट त्याच पानावर द्यावी.

खासगी कंपन्यांप्रमाणे अशा पानांवर गमतीदार चित्रे आणि विनोद असावेत, असेही कोणी सुचवील. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शनात मात्र अशा पानांवर ४०४ हा आकडा, तांत्रिक शब्द, लाल अक्षरे आणि विनोद टाळण्यास सांगितले आहे, आणि ते मला पटते. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला हसवण्याची ती वेळ नव्हे.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे की, संकेतस्थळांच्या निविदेत त्रुटी-पृष्ठांचा मराठी मजकूर ही स्वतंत्र अट असावी, आणि ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून व भरणा अर्ध्यावर तोडून काय दिसते ते स्वतः पाहावे.

आपला नम्र,
एक सेवा केंद्र चालक