पहिल्याच रविवारी गणपती नको

प्रिय बाय,

काल फोनवर म्हणालीस 12 पोरं आली तुझ्या लाकूड कोरायच्या क्लासला, सगळी 13 ते 16 वर्षांची, आणि पहिल्याच रविवारी त्यांना गणपती कोरायचाय. तेव्हा मी हो म्हटलं पण रात्रभर डोक्यात तेच.

गणपती नको गं आत्ताच. सोंड पहिल्या तासाला तुटणार. आधी साबणाची वडी दे, सुरीचा हात बसतो आणि चुकलं तर दहा रुपयांत नवीन वडी. मग लाकूड, पण सागवान नको, कोवळ्या मनगटाला जड जातो. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांना पूर्वी पांगारा वापरायचे तो काय उगाच नाही, हलका आणि मऊ. पांगारा मिळत नसेल तर शिवणीचं लाकूड घे.

लाकडात पहिला बांगडा कर. फळीवर पेन्सिलने काढायचा, करवतीने बाहेरचं उडवायचं, मग सुरी. लाकडाच्या रेघा डोक्यापासून शेपटीकडे धाव्यात हे बघ, आडव्या आल्या तर शेपटी हमखास मोडते. आणि कापायचं नेहमी पोटाच्या फुगीर भागाकडून शेपटीच्या बारीक भागाकडे, म्हणजे उतारावरून खाली आल्यासारखं. उलटं गेलं की सुरी आत घुसते आणि चिरफळी निघते. हे तू दहा वेळा सांगितलंस तरी कळणार नाही, एकदा चिरफळी निघाली की कळेल, म्हणून ती निघू दे.

धार मात्र तू स्वतः लावून दे सगळ्यांच्या सुऱ्यांना. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. लाकूड धरलेल्या हातात न कापला जाणारा ग्लोव्ह, आणि मांड्यांच्या मधे लाकूड धरून कुणीच कापायचं नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी असते, यात अजिबात सूट देऊ नकोस. बसवताना प्रत्येकाला हात लांब करून चौफेर फिरवायला लाव, शेजारच्याला लागला तर अजून सरकायचं.

आता जे खरं सांगायचंय ते. तू तेरा वर्षांची असताना चिमणी कोरत होतीस, चोच जमत नव्हती, मी ती तुझ्या हातातून घेतली आणि पाच मिनिटांत करून दिली. छान झाली होती गं. पण तू ती शाळेत नेली नाहीस आणि पुढची दोन वर्षं पटाशीला हात लावला नाहीस. मला वाटायचं अभ्यास वाढला असेल. तुझ्या आईने सांगितलं तेव्हा कळलं की ती चिमणी तुझी राहिलीच नव्हती. फार वाईट वाटलं होतं मला, तुला कधी बोललो नाही एवढंच.

म्हणून त्यांच्या लाकडाला हात लावू नकोस. कितीही वाकडं होऊदे. दाखवायचं असेल तर आपला वेगळा तुकडा घ्यायचा, शेजारी बसायचं आणि त्यावर दाखवायचं.

शिवणीच्या 15 फळ्या कापल्यात, 6 इंच लांब, 2 रुंद, इंचभर जाड, सोमवारी एसटीच्या पार्सलने टाकतो. 12 पोरांच्या, दोन मोडतील त्या बदली, आणि एक तुझी.

तुझा बाबा