नेटवरच खेळायचं, तर तिकडे कशाला?

वॉर्सा, पोलंड
रविवार, रात्री उशिरा

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी इथे मजेत आहे. तब्येत ठणठणीत. सरावाच्या वेळा, झोपेच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत आणि त्यांवरून व्हायची ती भांडणं घरीच होऊन गेली आहेत, तेव्हा ते लिहीत नाही. पत्र अशासाठी की परवा फोनवर बाबांनी प्रश्न विचारला आणि मी तोडून बोललो. फोनवर दोन वाक्यं झाली की आवाज चढतो, माझाही आणि बाबांचाही. कागदावर तसं होत नाही. ताई, आजीला मोठ्याने वाचून दाखव. (शेवटचं पान सोडून. ते का, ते पुढे.)

आमच्या काउंटर-स्ट्राइकबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या या गोळीबाराच्या खेळाबद्दल, बाबांचा प्रश्न असा होता: "घरी बसून खेळता येतो असा जगातला हा एकच खेळ. त्यासाठी सात माणसांची विमानाची तिकिटं काढतं कोण?"

बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून उत्तर गणितातच देतो. युरोपातल्या संघांशी खेळायचं तर सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा कॉम्प्युटर, फ्रँकफर्टचा. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे माझं क्लिक तिथे जाऊन उत्तर परत यायला कमीत कमी ६५ मिलिसेकंद. पण समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात १२०-१३०. याला आम्ही पिंग म्हणतो. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशेब मांडतो, म्हणजे दर साडेपंधरा मिलिसेकंदांना एकदा. आता भागाकार तुम्हीच करा. समोरचा पोरगा कोपऱ्यातून बाहेर आला, तो मला दिसला आणि माझी गोळी सर्व्हरपर्यंत पोचली, एवढ्यात आठ हिशेब उलटून गेलेले असतात. त्याचा उलटतो फार तर एखादा. घरचं नेट कितीही भारी घेतलं तरी यात फरक पडत नाही. प्रकाशाला कोण घाई करणार?

यावर तोडगा कुणी काढलाच नाही असं नाही. २०२२ साली लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या एका कॉम्प्युटर खेळाची एमएसआय ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा दक्षिण कोरियात, बुसानला होती. चीनच्या आरएनजी संघाला कोविडच्या निर्बंधांमुळे तिथे जाता येईना, म्हणून ते चीनमधूनच खेळले. मग बरोबरी कशी साधायची? बुसानला मंचावर बसलेल्या सगळ्या संघांचं पिंगही मुद्दाम ३५ मिलिसेकंदांवर नेऊन ठेवलं. एकासाठी सगळ्यांचे पाय बांधले म्हणा. तरी मोजमापात गफलत निघालीच आणि आरएनजीचे सुरुवातीचे सामने पुन्हा खेळवावे लागले. शेवटी जिंकलं कोण? आरएनजीच.

"बघ, घरूनही जिंकता येतं" असं बाबा आत्ता म्हणाले असणार, मला इथे ऐकू आलं. पण त्याच आरएनजीने आदल्या वर्षी आइसलंडला जाऊन तीच स्पर्धा जिंकली होती. ती मंडळी आधी वर्षानुवर्षं बाहेर जाऊन खेळली आणि मग एकदा नाइलाजाने घरून खेळली. आमचं आजवर उलट झालं.

आमच्या स्पर्धेचं तुम्हाला फोनवर "ठीक झालं" एवढंच सांगितलं होतं. ठीक झालं नाही. दोनदा हरलं की बाहेर, अशी रचना होती आणि आम्ही दोन सामन्यांत बाहेर पडलो. पहिला सरळ २-० ने घालवला. दुसऱ्यात मिराज हा मॅप, म्हणजे खेळातलं एक मैदान, १३-११ ने काढला, पुढचे दोन घालवले. लॅनवर, म्हणजे सगळे एकाच सभागृहात बसून खेळतात तेव्हा, पिंग जवळजवळ शून्य. त्यामुळे नेटला दोष देण्याचीही सोय राहिली नाही. मिराजवर आमचा एक ठरलेला डाव आहे, मधल्या भागात स्मोक, म्हणजे धुराचा बाँब, टाकून मागून शिरायचा. घरच्या स्पर्धांत तो दोन वर्षं चालला. ज्या मॅपवर जिंकलो त्याच मॅपवर इथल्या पोरांनी तो दुसऱ्याच फेरीत ओळखला आणि धुरातून आरपार पळत आले. तेव्हा कळलं की तो डाव चांगला नव्हता, घरी कुणी मोडत नव्हतं एवढंच. तिकडे आम्ही तेच सात-आठ संघ एकमेकांशी खेळतो, एकमेकांच्या खोडी सांभाळून घेतो, आणि त्या खोडींनाच शैली म्हणू लागतो.

म्हणून पाठवायला हवं, बाबा. मंगोलियाचा संघ बघा, द मंगोल्झ. त्यांच्या देशात तरी किती मोठे संघ असणार? पण ते युरोपातल्या संघांसमोर समोरासमोर बसत राहिले, मार खात राहिले. २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मेजरमध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेत, ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि त्याच वर्षी रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये काउंटर-स्ट्राइक जिंकले. आमच्या खोलीत त्यांचं नाव निघालं की सगळे गप्प होतात.

आता आईचा प्रश्न, कारण तिने तो तीनदा विचारलाय. आई, माझ्या कानाला काहीही झालेलं नाही. प्रक्षेपणात तुला दिसलं की माझ्या कानात छोटे इअरफोन आहेत आणि त्यांच्यावर पुन्हा मोठा हेडफोन, आणि तुला वाटलं की एका कानाने ऐकू येईना म्हणून मी दोन-दोन लावलेत. तसं नाही. इथे मोठ्या मंचावर सगळेच असं बसतात. आतल्या इअरफोनमधून खेळाचा आवाज आणि आपल्या चार जणांचं बोलणं येतं. वरच्या हेडफोनमधून येतो नुसता "शूऽऽ" असा आवाज. पाऊस पत्र्यावर पडावा आणि थांबूच नये, तसा. हा आवाज मुद्दाम सोडतात. का? तर प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर दोन्ही बाजू दिसतात. समोरचा माझ्या पाठीमागे भिंतीआड लपलाय हे मला माहीत नसतं, पण सभागृहातल्या हजारो लोकांना माहीत असतं. मी त्या भिंतीकडे चालू लागलो की लोक ओरडतात. तो ओरडा माझ्या कानावर पडला तर मला फुकटात कळलं ना की तिथे कुणीतरी आहे! समालोचकांचा आवाज तर विचारूच नकोस, ते नाव-गाव सगळं सांगतात. तर ते काहीच ऐकू येऊ नये म्हणून वरून पाऊस. तरी लोकांनी पाय आपटले की टेबल थरथरतं, ते बोटांना कळतंच, त्यावर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. आणि हो, सामना चालू असताना शौचालयाला जायचं तर पंच सोबत येतो. दाराबाहेर उभा राहतो. पहिल्यांदा मला शाळेतल्या परीक्षेची आठवण झाली. सामना संपल्यावर जिंकलेले हरलेल्यांच्या टेबलापाशी येऊन मुठीला मूठ लावून जातात, तेव्हा कानातलं काढायचं असतं. आमचं पटकन निघालं नाही, म्हणून त्यांच्यापैकी एक जण काय बोलला ते मला कळलंच नाही. चांगलंच बोलला असावा.

खरं सांगू का, तो पावसाचा आवाज मला आवडतो. आपल्या हॉलमधला पंखा रात्री तसाच वाजतो.

काकांनी २०१८ ची बातमी पाठवली होती, त्याचंही सांगून टाकतो. शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय संघातल्या खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चीटिंगचं सॉफ्टवेअर सापडलं, संघ बाद झाला आणि मग तो संघच मोडला. खरं आहे. मी तेव्हा शाळेत होतो. पण काका, ते पकडलं गेलं कुठे? परदेशातल्या मंचावर, पंचांच्या डोळ्यांदेखत. घरून खेळणाऱ्या माणसाच्या मागे कोण उभं असतं? भारतातून खेळणाऱ्यांवरचा तो डाग पुसायचा असेल तर तोही तसाच मंचावर बसून पुसला जाणार. माझा माउस आणि कीबोर्ड पंच सामन्याआधी उलटेपालटे करून बघतात तेव्हा मला राग येत नाही. बरं वाटतं.

पण टीमच्या मालकांनी आम्हा सगळ्यांकडून मत मागवलं, "पुढच्या वर्षी टीमने बाहेर पाठवावं की नाही, एकेक परिच्छेद लिहा", तेव्हा मी नुसतं "हो" लिहिलं नाही. या वेळी पाठवलं तसं पाठवायचं असेल तर अजिबात पाठवू नये, असं लिहिलं. आमच्यापैकी एकाचा व्हिसा इतका उशिरा आला की तो आला तेव्हा आम्ही बाहेर पडलो होतो. त्याच्या जागी कोच खेळला. कोच बत्तीस वर्षांचा आहे, शेवटचा सामना खेळून त्याला चार वर्षं झाली होती. विमानतळावरून चार दिवसांत मंचावर. हे खेळायला पाठवणं नव्हे, झेंडा धरून फोटो काढायला पाठवणं झालं. आणि व्हिसाची रड आपल्यासारख्यांचीच असते असंही नाही. २०२१ मध्ये डोटा या कॉम्प्युटर खेळाची द इंटरनॅशनल, चार कोटी डॉलर बक्षिसाची स्पर्धा, स्टॉकहोमला व्हायची होती. स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ई-स्पोर्ट्सला आपल्यात घ्यायला नकार दिला, त्यातून खेळाडूंच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहिला आणि शेवटी सगळी स्पर्धा उचलून बुखारेस्टला नेली. एवढ्या पैशांच्या स्पर्धेची ही गत, तर आमच्या अर्जाला कोण विचारतो?

तर मी लिहिलं की कागद काही महिने आधी टाका. स्पर्धेआधी किमान तीन आठवडे इथे राहू द्या, म्हणजे इथल्या संघांशी कमी पिंगवर स्क्रिम, म्हणजे सरावाच्या लढती, खेळता येतील, कारण भारतातून मागितल्या तर १३० पिंगच्या संघाला सरावाला कुणी उभं करत नाही. हरलो तरी दुसऱ्या दिवशी परत नेऊ नका, खरं शिकणं हरल्यानंतरच सुरू होतं. आणि काहीही झालं तरी पाच जण तेच हवेत, ऐनवेळी कोचला बसवायची पाळी येता कामा नये.

मालकांना परिच्छेद आवडला. मोठ्याने वाचून दाखवला सगळ्यांना. तेवढा आनंद मला मिराज जिंकल्यावरही झाला नव्हता.

पासपोर्ट माझ्याजवळच आहे, आई. कुणी काढून घेतलेला नाही. उजव्या मनगटाला पट्टी दिसली ती सावधगिरी म्हणून आहे, दुखत नाही. फारसं दुखत नाही. शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरायचाय हे माझ्या लक्षात आहे आणि त्यावर आता काही लिहीत नाही.

पैशांचं. तळातल्या क्रमांकाला बक्षीस म्हणजे नावालाच, तेही पाच जणांत वाटून, आणि ते यायला काही महिने लागतात. त्यामुळे ताईच्या लग्नाला मी जो आकडा बोललो होतो तो या वेळी जमणार नाही. पगारातले निम्मे बाबांच्या खात्यात टाकलेत. बाबा, मागच्या वेळेसारखे ते परत माझ्या खात्यात टाकू नका. मला इथे खर्च नाही, राहणं टीमचंच आहे. करार मार्चपर्यंत आहे, पुढचं अजून कुणी बोललेलं नाही, म्हणजे वाईटही बोललेलं नाही.

ताई, इथे थांबून पान बाजूला ठेव.

मालकांनी माझं ऐकलं. मुक्काम वाढवलाय. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे ८८व्या दिवसाची परतीची तिकिटं काढलीत. मधल्या काळात एक क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, आहे, चार दिवसांचा, इथूनच खेळायचा. मी वेळापत्रक आज संध्याकाळी बघितलं. त्या चारातला दुसरा दिवस म्हणजे ताईचं लग्न.

एकटा लवकर निघू शकतो. तिकीट बदलून मिळतं, मी चौकशी केली. पण मी निघालो तर माझ्या खुर्चीत कोच बसणार, आणि तसं होऊ नये असं सगळ्यांसमोर वाचून दाखवलेल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय. मालकांशी अजून बोललो नाही. बोलणार आहे. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही, पण विचारायचं कोणत्या तोंडाने, तेवढं सुचत नाही.

तारीख बदलायचा विचारही करू नका, त्यांच्याकडच्यांना तर अजिबात विचारू नका. ताईला मीच सांगतो. बुधवारी आम्हाला सुट्टी आहे, तुमच्या रात्री नऊला फोन करेन. त्या वेळी बाबांनी फोन उचलू नये, तिलाच उचलू द्या.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमचा,
बंड्या

ता. क. आई, कपाटात वरच्या कप्प्यात माझा निळा कुर्ता आहे, मागच्या दिवाळीचा. इस्त्री करून ठेवलास तर बरं होईल. असाच, असू दे तयार.